‘अभद्र बोलू नकोस’ : घरच्या वडीलधाऱ्यांशी शेवटच्या दिवसांबद्दल कसं बोलता?

वैजयंती

गेल्या दिवाळीनंतर आमच्या जवळच्या नात्यातले एक काका गेले. वय ८४, मेंदूत मोठा रक्तस्राव. तीन मुलं आणि तीन मतं. धाकट्याचं म्हणणं व्हेंटिलेटर काढू नका, थोरल्याचं म्हणणं बाबांना हे असलं कधीच आवडलं नसतं, आणि मधली बहीण नुसती रडत होती. सगळं भांडण ‘बाबांना काय हवं होतं’ यावर. बाबांना कोणी कधी विचारलेलंच नव्हतं. दोन्ही भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

माझी आई ७६ वर्षांची, मिरजेला एकटी राहते. सासूबाई ८१, आमच्याकडे पुण्यात. आईकडे विषय काढला तर ती दुधाचा हिशेब काढते. सासूबाईंसमोर काढायचा तर नवरा ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणतो आणि उठून गॅलरीत जातो.

कायद्याची माहिती हवीच आहे, पण त्याआधी हे सांगा : तुमच्या घरी पहिलं वाक्य कोण बोललं आणि काय बोललं? इंटरनेटवर जे सापडतं ते सगळं इंग्रजीतून विचार केलेलं वाटतं. ‘आई, मला तुझ्याशी तुझ्या मृत्यूबद्दल बोलायचंय’ असं मराठीत कोण कोणाला म्हणतं?

घाटमाथा

चांगला विषय. पण एक सांगू का, आमच्या गावाकडे म्हातारी माणसं यावर सर्रास बोलायची. आजीच्या ट्रंकेत एक कोरं लुगडं, गंगाजलाची सीलबंद लोटी आणि रुमालात बांधलेले पैसे होते. ‘हे माझ्या लाकडांचे’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पावसाळ्यात गेले तर लाकडं ओली असतील, म्हणून गोठ्याच्या माळ्यावर वाळकी लाकडं वेगळी ठेवायला लावली होती. तेराव्याला काय करायचं तेही ठरवून दिलेलं : बुंदी करा, जिलेबी नको, थोरल्या सुनेला जमत नाही.

आणि आम्ही काय म्हणायचो? ‘आज्जी, कशाला तसलं बोलतीस, शंभरी गाठशील.’ तिला गप्प आम्हीच करायचो.

कोल्हापुरी_टग्या

हे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ आहे. आपल्याकडे माणूस घरच्यांच्या मांडीवर डोकं ठेवून जायचा. कागदावर सह्या घेऊन, साक्षीदार उभे करून मरायची पद्धत आपली नव्हे. आईबापाला ‘तुम्हाला नळी घालायची का नाही’ म्हणून विचारायचं? जीभ कशी रेटते?

पाथरवट

टग्या, मांडीवर डोकं ठेवून जायचे तेव्हा आयसीयू नव्हते. आता माणूस काचेच्या पलीकडे असतो आणि भेटायला सकाळ-संध्याकाळ काही मिनिटं मिळतात.

शिवाय कधी थांबायचं हे आपलं आपण ठरवणं आपल्याकडे नवीन नाही. सावरकरांनी १९६६ मध्ये औषध आणि अन्न थांबवलं आणि २६ फेब्रुवारीला ते गेले. विनोबांनी पवनारला १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये तेच केलं. जैनांची सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवणं, तर कित्येक शतकांची. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं तिला आत्महत्या ठरवलं होतं, त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तुला ते पटो न पटो, खूळ म्हणून झटकता येणार नाही.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्याकडे नातेवाइकांचं ठरलेलं वाक्य असतं : ‘डॉक्टर, जे जे करता येईल ते सगळं करा.’ मायेपोटीच म्हणतात. पण ‘सगळं’ म्हणजे काय हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं. पंच्याऐंशीच्या, आधीच हृदय आणि मूत्रपिंडं थकलेल्या माणसाचं हृदय थांबलं की आम्ही छाती दाबतो, तेव्हा फासळ्या मोडतात. हाताखाली कळतं ते. मालिकेत दाखवतात तसा माणूस खोकून उठून बसत नाही. व्हेंटिलेटरचंही तसंच. न्यूमोनियातून सावरू शकणाऱ्यासाठी ते यंत्र म्हणजे जीवदान आहे. कर्करोग सगळीकडे पसरलेल्या माणसाला तेच लावलं तर मरण काही दिवस लांबतं, आणि घशात नळी असल्यामुळे शेवटचं चार शब्दांचं बोलणंही होत नाही.

आता जे कोणी उघड बोलत नाही ते. पैसे संपले की लोक ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ अशा कागदावर सही करतात. मग रुग्ण घरी जातो तो धाप लागलेला. औषध नाही, सांगायला डॉक्टर नाही. ज्याला घरीच जायचं होतं त्याला खरं तर नीट नेता येतं : वेदना आणि धाप कमी करणारी औषधं, कशी द्यायची त्याचं शिक्षण, रात्री फोन कोणाला करायचा त्याचा नंबर. पण त्यासाठी घरच्यांचं आधी ठरलेलं लागतं. मध्यरात्री लिफ्टसमोर उभं राहून ते ठरत नाही.

हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नये, असा निर्णय रुग्णाशी किंवा घरच्यांशी बोलून कसा घ्यायचा, याच्या मार्गदर्शक सूचना आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २०२० मध्ये काढल्या आहेत. बऱ्याच नातेवाइकांना असं काही विचारता येतं हेच माहीत नसतं. विचारा. आम्हाला राग येत नाही.

वैजयंतीताई, आईंना ‘व्हेंटिलेटर लावू का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर त्या देऊ शकत नाहीत, मीही माझ्यासाठी देऊ शकत नाही, कारण ते कशासाठी लावलंय त्यावर सगळं आहे. विचारायचं ते असं : ‘काय करता येईनासं झालं तर तुला जगण्यात राम वाटणार नाही?’ एका आजी म्हणाल्या, माणसं ओळखू येईनाशी झाली की मला ठेवू नका. एक आजोबा म्हणाले, अंथरुणातच राहीन, भरवा हवं तर, पण मॅच कळली पाहिजे. या दोन उत्तरांवरून मला किती तरी ठरवता येतं.

सुगरणीचं_घरटं

वाचतेय. ‘मॅच कळली पाहिजे’ 😄 आमचे बाबा डिट्टो.

पेन्शनर_८०

या धाग्यावर ज्यांच्याबद्दल चर्चा चालली आहे त्यांच्यातला बहुधा मी एकटाच. म्हणून जरा आमची बाजू.

आम्ही मरणाबद्दल रोज बोलतो. सकाळी पेपर उघडला की आधी छोट्या चौकटीतले फोटो. कट्ट्यावर कोण गेलं, कसा गेला, ‘सुटला’ की ‘अडकला’, यावर चहा संपतो. ‘सुटला’ म्हणताना आवाजात किंचित हेवा असतो हेही सांगून टाकतो. घरी आलं की मात्र जिभेला कुलूप. मुलाला म्हटलं, अरे, लॉकरची किल्ली कुठे आहे ते बघून ठेव. तर तो म्हणाला, ‘बाबा, तुम्ही कुठे जात नाही आहात.’ मी म्हटलं, मग काय मुक्काम वाढवून मिळालाय का?

आम्ही सुरुवात करत असतो हो. ‘आता माझं काय राहिलंय’, ‘पिकलं पान’, ‘तुझ्या आईनंतर हे कपाट तू घे’. ही सगळी दारं आम्हीच किलकिली केलेली असतात. तुम्ही ‘असं नका बोलू’ म्हणून ती लावून घेता. पुढच्या वेळी एवढंच म्हणा : ‘बरं, सांगा मग.’ आणि गप्प बसा. पुढचं आम्ही बोलू.

माझं ठरलेलं : नाकातून पोटात नळी नको. वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी. दिवस करायचे नाहीत, त्या पैशात कट्ट्यावरच्या मंडळींना मिसळ. हे लिहून फ्रिजवर चुंबकाखाली लावलंय. बायको रोज त्यावर दूधवाल्याचं बिल लावते.

वैजयंती

पेन्शनरकाका, फ्रिज वाचून हसले आणि मग जरा घशाशी आलं. आई परवाच फोनवर म्हणाली होती, ‘या पितळी भांड्यांचं काय करायचं ते एकदा ये आणि बघ.’ मी म्हटलं, बघू गं, मे महिन्यात.

पाथरवट

मग मे महिन्याची वाट कशाला बघता?

हिमटी

मला एक धास्ती वाटते. शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत, असा कागद आधीच करून ठेवला आणि घरात इस्टेटीवर टपलेलं कोणी असेल तर? ‘आईनंच लिहून ठेवलंय’ म्हणून लवकर उरकतील.

वकीलकाकू

धास्ती रास्त आहे आणि न्यायालयालाही हीच होती. म्हणूनच प्रक्रिया थोडी किचकट आहे. आता सगळं एकदाच सांगते, कारण या विषयावर व्हॉट्सअॅपवर भलतंच फिरतं.

‘लिव्हिंग विल’ किंवा वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सही करायची अट होती, त्यामुळे कोणी त्या वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानंच ती सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीतल्या माणसानं, दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे तो कागद साक्षांकित करून घ्यायचा. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे. स्वतःला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीनं कोणी बोलायचं, त्यांची नावं त्यात घालायची. एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत स्थानिक संस्थेकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

हिमटी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आहे. हा कागद दाखवला की लगेच यंत्र बंद, असं होत नाही. आजार बरा न होणारा आहे, हे आधी रुग्णालयाचं मंडळ ठरवतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले आणखी दोन तज्ज्ञ असतात. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर. दोघांचं एकमत झालं की नाव दिलेल्या नातेवाइकांची संमती आणि दंडाधिकाऱ्यांना कळवणं. प्रत्येक मंडळानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. टपलेल्या भाच्याला यात फारसं काही करता येत नाही. आणि शुद्धीत असेपर्यंत हा कागद लेखी कळवून केव्हाही रद्द करता येतो.

इंजेक्शन देऊन मरण आणणं भारतात गुन्हाच आहे. इथे फक्त उपचार नाकारायचा किंवा थांबवायचा हक्क आहे.

आता माझं मत. नोटरीचा कागद जरूर करा, पण नुसता कागद करून कपाटात ठेवणारे अशील मी भरपूर पाहिले. ज्या मुलीचं नाव घातलंय तिलाच ते माहीत नसतं. त्यापेक्षा कागद नसलेलं, पण सगळ्या मुलांनी एकाच वेळी एकाच खोलीत ऐकलेलं बोलणं जास्त उपयोगी पडतं. कागद नसेल तरी घरच्यांच्या संमतीनं याच दोन मंडळांमार्फत निर्णय घेता येतो. मात्र घरच्यांचं एकमत हवं.

परळची

मी परळमध्ये नर्सिंग शिकले. केईएम रुग्णालयात नव्हते, पण तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग हे नाव आमच्या सगळ्या बॅचला ठाऊक. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर तिथल्याच कर्मचाऱ्यानं हल्ला केला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्या एका खाटेवर होत्या. त्यांना आता मरू द्यावं, अशी पत्रकार पिंकी विरानींनी त्यांच्या वतीनं केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ ला फेटाळली, पण त्याच निकालात उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा मोकळी झाली. आज आपण इथे जे बोलतोय त्याची सुरुवात त्या वॉर्डातून झाली.

एक गोष्ट लोक विसरतात. त्यांना जगू द्या असं केईएमच्या परिचारिकाच म्हणत होत्या. इतकी वर्षं अंग पुसलं, भरवलं, कूस बदलली. इतक्या वर्षांत पाठीवर एक व्रण होऊ दिला नाही, याचा त्यांना अभिमान होता. बाहेरून दया वाटणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आणि रोज हात लावणाऱ्यांचं वेगळं. दोन्ही बाजूंना माया होती. म्हणून ‘सरळ सोपं आहे, थांबवा’ असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही, आणि ‘शेवटपर्यंत लढा’ म्हणणाऱ्यांवरही नाही. ज्याचं आयुष्य आहे त्यानं आधी सांगितलेलं असलं की निदान बाकीच्यांना अंदाज बांधत बसावं लागत नाही.

बे_एरिया_बंड्या

परदेशातल्या मुलांची बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी ठेवून.

इथल्या डॉक्टरांमध्ये ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ अशी एक जुनी थट्टा आहे. रुग्णाजवळ राहणारी भावंडं आता पुरे म्हणत असतात, तेवढ्यात लांबची मुलगी विमानातून उतरते आणि म्हणते, माझ्या आईसाठी सगळं करा. मी अक्षरशः कॅलिफोर्नियात राहतो, त्यामुळे ती थट्टा जरा जास्तच लागली. लांब राहणाऱ्याच्या मनात अपराधी भावना असते आणि ती उपचाराच्या यादीत उतरते.

आमच्या घरी हा विषय माझ्या ताईनं काढला, ती ठाण्यात असते. बाबांसमोर व्हिडिओ कॉलवर तिनं मला विचारलं, ‘बाबांना काही झालं तर तुझ्यासाठी थांबायचं का?’ म्हणजे अंत्यविधी. मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, ‘बर्फावर ठेवू नका मला. ज्याला यायचंय त्यानं जिवंतपणी यावं.’ मी पुढच्याच महिन्यात जाऊन आलो.

कोल्हापुरी_टग्या

बंड्याच्या बाबांना आपला दंडवत.

हिशेबनीस

सगळे नळ्यांवर बोलताय, मी कागदांवर बोलतो. बँकेत नोकरी झाली, काउंटरच्या त्या बाजूनं सांगतोय.

विधवा बाई येतात, हातात पासबुक, डोळ्यांत पाणी, आणि खातं एकट्या नवऱ्याच्या नावावर, नॉमिनी म्हणून कोणाचं नाव नाही. मग प्रतिज्ञापत्रं, हमीपत्रं, रक्कम मोठी असेल तर न्यायालयाचा वारस दाखला. हेच खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा पद्धतीचं संयुक्त असतं तर मृत्यूचा दाखला देऊन त्या पुढे व्यवहार करू शकल्या असत्या. आजच्या आज तुमच्या घरातली खाती बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, टक्केवारी ठरवून.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे कोणी ऐकतच नाही. बँकेच्या दृष्टीनं नॉमिनी पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. खरा हक्क इच्छापत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. शेअर्सच्या बाबतीतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. सोसायटीतल्या फ्लॅटचं तसंच. भावाला नॉमिनी केलं म्हणजे फ्लॅट भावाचा झाला, या समजुतीवर किती घरं तुटली त्याची मोजदाद नाही.

मुखत्यारपत्र माणसाबरोबरच संपतं. ‘माझ्याकडे पॉवर आहे’ म्हणून वडील गेल्यावर दुसऱ्या दिवशी चेक घेऊन येऊ नका. एटीएम कार्ड घेऊन मशीनकडे तर मुळीच जाऊ नका. वडिलांचा मोबाईल नंबर मात्र लगेच बंद करू नका, सगळे ओटीपी त्यावरच येतात. आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचं कारणासह प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे घरी येऊ शकेल असा एक फॅमिली डॉक्टर आधीच बोलून ठेवा. शहरात ही सगळ्यात मोठी अडचण होते आणि ती रात्रीच होते.

जुनी विसरलेली ठेव असेल असं वाटत असेल तर रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल बघा.

घाटमाथा

शेतीवाल्यांसाठी जोड : सातबाऱ्यावर वारस नोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायची असते. आमच्याकडे आजोबांचं नाव अजून उताऱ्यावर आहे, त्यांना जाऊन पिढी उलटली. आता सत्तावीस वारस, त्यातले चार सुरतेला, आणि एकाचा पत्ता नाही. आणि दहाव्यालाच बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घ्यायची जी घाई असते ती तर डोळ्यांनी पाहवत नाही. बाप जिवंत असताना बोलला असता, तर त्या पोरींनी कदाचित हसत सही केली असती, कदाचित वाटा मागितला असता. दोन्ही चाललं असतं.

मांडवीकाठ

गोव्यात थोडं वेगळं आहे बरं. पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानुसार मुलंबाळं असतील तर माणूस इच्छापत्रानं फक्त निम्मी मालमत्ता हवी तशी देऊ शकतो, निम्म्यावर त्यांचा हक्क राखीव. आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, त्यामुळे आधी जोडीदाराचा अर्धा बाजूला. मुंबईहून येऊन म्हापशाला फ्लॅट घेतलेल्यांनी तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय साच्यातलं इच्छापत्र छापू नये.

पाऊलवाट

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगा २६ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. ‘आमच्यानंतर’ हा शब्द आमच्या घरात तो तीन वर्षांचा असल्यापासून आहे, त्यामुळे मरणाबद्दल बोलायला आम्हाला कधी जड गेलं नाही. ज्या पालकांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांपुढच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते करते. मूल अठराचं झालं की आईबापही आपोआप पालक राहत नाहीत, हे कळायला आम्हाला उशीर झाला.

त्याला मरण समजावून सांगणं हे वेगळंच काम होतं. आजी देवाघरी गेली म्हटल्यावर तो रोज देवघरासमोर बसून वाट बघायचा. शेवटी सरळ सांगितलं : आजीचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही. त्यानं दोनदा विचारलं आणि थांबला.

सुगरणीचं_घरटं

पाऊलवाट, ❤️

देहदानाबद्दल कोणाला माहिती आहे का? आई मागे लागली आहे आणि मामा म्हणतो, मग पिंड कशाचे पाडायचे.

परळची

देहदानाचा अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात भरून ठेवायचा. पण अर्ज असला तरी नंतर घरच्यांनी संमती दिली नाही, तर काही होत नाही. म्हणून मामालाही बसवून आत्ताच बोला. शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह नाकारतात, तेव्हा ‘नाही घेतला तर काय’ हेही ठरवून ठेवा.

नेत्रदान देहदानाबरोबर करता येतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, डोळे मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, तरी चालतं. अवयवदान वेगळं : ते मेंदू मृत झालेल्या रुग्णाचं, रुग्णालयातच होतं.

पाथरवट

पिंडांबद्दल : आमच्या आत्यानं देहदान केलं आणि आतेभावानं दर्भाची प्रतिकृती करून विधीही केले, गुरुजींनीच सुचवलं. कावळा मात्र तासभर शिवेना. मग कोणीतरी ‘तुमच्या मांजरांना आम्ही सांभाळू’ असं मोठ्यानं म्हटलं आणि शिवला. माझा या सगळ्यावर विश्वास नाही, पण त्या तासाभरात सगळे नातेवाईक नदीकाठी बसून आत्याला काय काय हवं असायचं, याबद्दलच बोलत होते. जरा लवकर बोललो असतो तर बरं.

वैजयंती

सगळ्यांचे आभार. एक अपडेट देते. पितळी भांडी बघायला शनिवारी मिरजेला जाऊन आले. पेन्शनरकाकांचं ‘बरं, सांग मग’ वापरलं. आई दुपारभर बोलली. कळशी कोणाला, पाट कोणाला, आणि मध्येच म्हणाली, ‘मला पुण्याच्या हॉस्पिटलात नेऊन टाकू नका, इथला डॉक्टर मला नावानं ओळखतो.’ मला हे माहीतच नव्हतं. मी मनात पुण्याचं हॉस्पिटलही ठरवून ठेवलं होतं.

नवरा अजून गॅलरीत.

रात्रपाळी

त्याला त्याच्या आईबद्दल विचारू नका, त्याच्या स्वतःबद्दल विचारा. किंवा तुमचं सांगा. ‘मला काही झालं तर’ म्हणून तुम्हीच सुरू करा. पन्नाशीच्या माणसाला आईचं मरण बोलवत नाही, पण आपल्या होम लोनचं काय होईल ते कळायला हवं असतं. तिथून आईपर्यंत यायला वेळ लागत नाही.

आणि मिरजेच्या डॉक्टरांना एकदा भेटून या. दीर्घ आजारात वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणारी पॅलिएटिव्ह सेवा जवळपास कोण देतं, हे त्यांना विचारा. पुण्यात वारजे इथलं सिपलाचं केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देतंय, मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. तिथे गेलं म्हणजे हार मानली, असं लोकांना वाटतं. तिथे लोक वेदना कमी करून घेऊन घरीही जातात.

वैजयंती

हे करते. वकीलकाकू, शेवटचा प्रश्न : आईला मालमत्तेचं इच्छापत्र पण करायचंय आता (कळशीपासून सुरू झालं ते घरापर्यंत आलं!). तिला जिना उतरवत नाही, नोंदणी कार्यालयात कसं न्यायचं?

वकीलकाकू

इच्छापत्राची नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केली, त्या दोघांनीही आईंसमोर सही केली, की ते वैध. स्टॅम्पही लागत नाही. तरी घरात वाद व्हायची शक्यता असेल तर नोंदणी करावी. आजारी किंवा चालता न येणाऱ्यासाठी दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतात, नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे. गृहभेटीचा अर्ज करायचा, डॉक्टरांचा दाखला जोडायचा आणि फी भरायची. त्याच डॉक्टरांकडून ‘शुद्धीत आणि समजून सही करत आहेत’ असंही लिहून घ्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. आणि साक्षीदार आईंपेक्षा वयानं बरेच लहान घ्या. पुढे वाद झाला तर इच्छापत्र सिद्ध करायला साक्षीदारच लागतो.

पेन्शनर_८०

अरे बापरे. माझे दोन्ही साक्षीदार कट्ट्यावरचे, एक ८३ आणि एक ८६. संध्याकाळी शेजारच्या सुनेला आणि तिच्या भावाला गाठतो. मिसळ वाढवावी लागणार.